दसऱ्याला पुजलेला दांडा

चेतना रागावली आहे हे कळसाडीत कळायला वेळ लागत नाही. एरवी ती घरात, शेजारात, भाजीवालीशी, गावात सगळ्यांशी अहिराणीतच बोलते. राग आला की मात्र शुद्ध मराठीवर येते. "हे कोणी केले?" असं वाक्य तिच्या तोंडून निघालं की नवरा नवनीत चपला शोधायला लागतो आणि सासू छबूबाई हातातलं काम न सोडता म्हणते, "लागनी कचेरी भराले!" म्हणजे कोर्ट भरायला लागलं.

आणखी एक गोष्ट फक्त घरातल्यांना माहीत आहे. रागावलेली चेतना भांडी आदळत नाही, मोजायला लागते. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं तिने उसाचा रस तपासला आहे. रसात साखर किती, पाणी किती, मळी किती हे आकड्यात सांगायचं तिचं काम. आकडा नसलेल्या बोलण्यावर तिचा विश्वास बसत नाही. 'भरपूर', 'बऱ्यापैकी', 'चालून जाईल' हे शब्द ऐकले की तिच्या कपाळाची शीर उडते.

ही नोकरी तिला सहज मिळाली नव्हती. बी.एस्सी. होऊन ती या घरात आली आणि दुसऱ्याच वर्षी प्रयोगशाळेत जागा निघाली. सुनेने कारखान्यात जावं की नाही, यावर ओट्यावर महिनाभर चर्चा झाली. चुलत सासरे बोलले, शेजारी बोलले, दूध घालायला आलेला माणूसही बोलला. चेतना आत भाकरी थापत ऐकत होती. तिला एकानेही विचारलं नाही. शेवटी सासरे भाईदास, ज्यांना घरात आप्पा म्हणतात, एवढंच म्हणाले, "जाऊ द्या तिले." ते स्वतः कारखान्यात फिटर होते. त्यांचं ते उपकाराचं वाक्य चेतना विसरली नाही, आणि त्या महिनाभराचं न विचारणंही विसरली नाही.

तिची एकुलती एक मुलगी रुपा सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे आणि वेटलिफ्टिंग करते. स्वतः पंचावन्न किलोची पोरगी सत्तर किलो डोक्यावर धरून उभी राहते. सत्तर किलो म्हणजे साखरेचं एक भरलेलं पोतं आणि वर आणखी वीस किलो. चेतनाने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. त्यानंतर तिने रुपाला कधीच अडवलं नाही. पण लोखंड लेकीच्या मानेवर आहे ही गोष्ट तिच्या मनातून एक दिवसही गेली नाही.

या पावसाळ्यात शहाद्याच्या व्यायामशाळेचं छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी मुलींची सकाळची वेळ बंद झाली. मुलांची संध्याकाळची वेळ मात्र त्याच छताखाली चालू राहिली. रुपाचे शिक्षक करणसिंग सर तिथे जाऊन भांडले, काही उपयोग झाला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राज्य निवड चाचणी. सरांनी आपल्याकडच्या जुन्या रबरी चकत्या रुपाला वापरायला दिल्या आणि चेतनाला सांगितलं, "मॅडम, रॉड मात्र तुम्हाला घ्यावा लागेल. बाकी काही स्वस्तातलं चालेल, रॉडमध्ये कंजुषी नको. मुलींचा रॉड पंधरा किलोचा असतो, पकडायला पंचवीस मिलिमीटर जाड. दोन्ही टोकं मोकळी फिरली पाहिजेत. पोलाद किती ताण सोसतं ते कंपनीने लिहून दिलं पाहिजे. चकाकी बघू नका."

हे चेतनाला समजणाऱ्या भाषेतलं बोलणं होतं. पर्समध्ये व्हर्नियर कॅलिपर टाकून ती शहाद्याला शांतिलाल शेठच्या खेळसाहित्याच्या दुकानात गेली.

"हा घ्या ताई, ऑलिम्पिक रॉड," शांतिलाल शेठ म्हणाले. "डोळे झाकून घेऊन जा."

"डोळे उघडे ठेवूनच बघते. वजन किती पेलतो?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती किलो?"

"अहो, अख्ख्या शहाद्याची पोरं याच्यावर बॉडी बनवून राहिली. एकाची तक्रार नाही."

चेतनाने स्कूटरच्या किल्लीने रॉडवर टकटक केलं. आवाज पोकळ आला. मग तिने कॅलिपर लावलं. जाडी एका जागी एक, दुसऱ्या जागी दुसरी. टोकाची नळी हाताने फिरवून पाहिली. ती जागची हलली नाही.

"हे फिरत का नाही?"

"घट्ट आहे ताई. मजबुती म्हणतात त्याला."

"रॉड उचलताना हातात वळतो, शेठ. टोकं त्याच्याबरोबर फिरली नाहीत तर चकत्यांचं सगळं वजन पोरीचं मनगट पिळून काढतं."

"पोरीसाठी पाहिजे का? मग आधी सांगायचं ना! गुलाबी डंबेल्स आलेत नवीन. दोन-दोन किलोचे. पॅकिंग पण सुंदर आहे."

दुकानातली दोन कॉलेजची पोरं हसली. चेतनाने कॅलिपर मिटलं, पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "ते तुम्ही वापरा. हात दुखले तर मला सांगा." स्कूटरवर बसल्यावर कळसाडीपर्यंत ती मोठ्याने बोलत होती, रस्त्यावरच्या लोकांना वाटलं फोन चालू आहे.

घरी येऊन तिने जालंधरच्या एका कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस नीट बोलला. जाडी, लांबी, वजन, पोलादाचा ताण, सगळे आकडे त्याने न अडखळता सांगितले आणि चाचणीचा कागद मोबाईलवर पाठवला. चेतनाने तो दोनदा वाचला. ऑर्डर नवनीतच्या फोनवरून झाली, कारण असली खरेदी त्याच्याच खात्यावरून होते. पंधरा दिवसांत येईल असं कंपनीने सांगितलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी अंगणात पूजा मांडली होती. खानदेशातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी मांडतात तशीच: ट्रॅक्टरला झेंडूची माळ, फवारणीचा पंप, विळे, कोयते, आप्पांचे नटबोल्टचे पाने आणि हातोड्या, सगळं धुऊन ओळीने ठेवलेलं. या वर्षी ओळीच्या मधोमध नव्या टॉवेलाखाली काहीतरी सात फुटांचं झाकलेलं होतं. आप्पांनी नारळ फोडला, कुंकू लावलं आणि टॉवेल ओढला.

दांडा होता तो, काळाभोर आणि दोन्ही टोकांना जाड नळ्या. मधल्या भागात लेथवर पाडलेल्या खाचा. चकत्या अडायला आतल्या बाजूला दोन कड्या वेल्डिंग करून बसवलेल्या.

"मन्ही नातना दांडा," आप्पा म्हणाले. "भंगारवालाकडथून जुना पंपना शाफ्ट आना. असं कडक पोलाद आते भेटस नही. रतिलालना लेथवर आठ दिन घासा." त्यांचा चेहरा असा उजळला होता की रुपाने "आबा" म्हणत वाकून त्यांच्या पायांना हात लावला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चेतना नवनीतकडे वळली. "जालंधरच्या ऑर्डरचे काय झाले?"

नवनीतने चपलांकडे पाहिलं.

"मी विचारले, ऑर्डरचे काय झाले?"

"अवं, आप्पा करी ऱ्हायंतात ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मंग दोन-दोन कसाले? रद्द करी टाकी. त्यासना मन मोडाले पाह्यजे का?"

"कधी रद्द केली?"

"तिसराच दिनले."

म्हणजे बारा दिवस ती रोज संध्याकाळी "पार्सल उनं का?" विचारत होती आणि हा माणूस "येई, येई" म्हणत होता. चेतना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला आप्पांचे मन दिसले. मुलीची मान दिसली नाही!"

"गप बठ वं," छबूबाई मध्ये पडली. "पुजेल लोखंडले नावं ठेवस का तू? सणना दिन!"

चेतना गप्प बसली नाही, पण ओरडलीही नाही. ती आत गेली, कॅलिपर आणि कापूस तोलायचा काटा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर, कुंकू ओलं असतानाच, दांडा मोजला. जाडी बत्तीस मिलिमीटर. वजन एकवीस किलो. टोकं फिरत नव्हती. फिरणार कशी, ती वेल्डिंगने जोडलेली होती. रुपाचा हात तिने दांड्याभोवती ठेवून दाखवला. वजन उचलताना अंगठा बोटांखाली दाबून धरावा लागतो, तेवढी पोरीची बोटं पोचत नव्हती.

"आप्पा, हा तुमच्या हाताच्या मापाचा आहे. तिच्या नाही."

आप्पांचा चेहरा पडला आणि मग ताठ झाला. "पस्तीस वरीस मी कारखानाना रोलर बसाडात. तू साखर मोज. लोखंड मले समजस."

पूजा झालेली वस्तू खानदेशात कुणी टाकत नाही, परत देत नाही, मोडत नाही. चेतनाला हे माहीत होतं, नवनीतलाही माहीत होतं, म्हणून तर त्याने दसऱ्यापर्यंत तोंड बंद ठेवलं होतं. कालपर्यंत जे भंगार होतं ते आज देव झालं. तिने त्याच दिवशी स्वतःच्या फोनवर, स्वतःचं नवं खातं काढून, जालंधरला पुन्हा ऑर्डर दिली. पण आता तिकडे सणाची गर्दी होती. माल दिवाळीनंतर निघणार होता.

"तोवर हा दांडा डोक्यावर न्यायचा नाही," तिने रुपाला बजावलं. रुपाने मान हलवली.

हंगामाच्या आधी प्रयोगशाळेत ऊस पिकला का ते तपासायला गावोगावच्या शेतांतले नमुने येतात. चेतना सकाळी जायची ती अंधार पडता पडता यायची. अकराव्या दिवशी ती लवकर आली. रुपा अंगणात पाठमोरी उभी राहून डाव्या हाताने उजवं मनगट दाबत होती. आईला पाहून तिने हात मागे घेतला.

"काय व्हयनं?"

"दारात सापडला."

चेतनाने तो हात ओढून पाहिला. मनगट सुजून गोल झालं होतं. तळव्यावर खाचांनी सोललेली कातडी होती. लेथवरच्या त्या खाचा कानशीसारख्या धारदार होत्या. दारात सापडलेलं मनगट कसं दिसतं आणि पिळलेलं कसं दिसतं, एवढं कळायला डॉक्टर लागत नव्हता.

"डोक्यावर नेलास?"

रुपा म्हणाली, "आबा रोज येऊन बसतात समोर. खुर्ची टाकून. नाही उचलला तर विचारतात, जड व्हस का बेटा, हलका करी देऊ का?"

"आणि?"

"आणि काय?"

"तू काहीतरी गिळते आहेस. बोल."

पोरगी म्हणाली, "दोन दिवस झाले, खाली टाकला की उजवीकडून टक् असा आवाज येतो."

चेतनाने दांड्याकडे पाहिलं. "कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"का नाही?"

"आबांना वाईट वाटलं असतं."

यावर चेतना जे ओरडली ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. नवनीत घरात होता, तो बाहेर आला. छबूबाई आली. चेतना कुणा एकावर ओरडत नव्हती. "हिला आवाज ऐकू येतो! हिला कळतं! आणि ही तरीही त्याच्याखाली उभी राहते, कारण या घरात म्हाताऱ्याला वाईट वाटायला नको! कोणी शिकवलं हे हिला? मी शिकवलं? तुम्ही शिकवलं? लोखंड तुटलं तर एका बाजूचं वजन खाली जाईल आणि दुसरी बाजू दांड्यासकट हिच्या मानेवर येईल. मग कोणाला वाईट वाटेल ते मोजत बसा!"

"दांडा तुटाव नही," नवनीत म्हणाला. "आप्पास्नी करेल शे."

"करतो तो माणूस. तुटतं ते पोलाद."

आप्पा तेवढ्यात शेतातून आले. अंगणात सगळे जमलेले पाहून ते फाटकापाशीच थांबले. चेतना त्यांच्याकडे वळली. "आप्पा, बेअरिंग धुवायचं रॉकेल आहे ना तुमच्याकडे? द्या."

"कसाले?"

"कशाला ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. कारखान्यात जुने फिटर शाफ्टला चीर गेली आहे का ते असंच बघायचे. रॉकेल लावायचं, ते चिरेत मुरू द्यायचं, वरून कोरडं पुसायचं आणि खडूची पूड टाकायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत वर येतं आणि रेघ उमटते. आप्पांनी ही तपासणी शेकडो वेळा केली होती. ते आत गेले आणि बाटली घेऊन आले.

चेतनाने उजव्या कडीच्या दोन्ही बाजूंना ब्रशने रॉकेल लावलं. अर्धा तास थांबायचं होतं. छबूबाईने चहा आणला, तो निवून गेला. मग चेतनाने जुन्या धोतराच्या फडक्याने दांडा घासून कोरडा केला. रुपा हाताला लावते ती पांढरी पूड तिच्याच डब्यातून घेऊन जोडावर भुरभुरली.

आधी काही नव्हतं. सगळं पांढरं. नवनीतने "देख, काय नही" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. वेल्डिंगच्या कडेला, केसाएवढी, एक ओली रेघ उमटत होती. ती हळूहळू पुढे सरकली आणि दांड्याच्या जवळजवळ अर्ध्या घेराला जाऊन थांबली.

आप्पांनी चष्मा लावला. उकिडवे बसले. नखाने रेघेवरून एकदा गेले.

"पानी टाकं मी," ते म्हणाले.

कुणाला कळलं नाही. ते दांड्याकडे बघतच बोलत होते. "दसराना सकाळे वेल्डिंग करं. पूजाना मुहूर्त निघी जाई ऱ्हायंता. लाल व्हतं, बादलीभर पानी टाकं. थंड व्हवाले."

कडक पोलादाला वेल्डिंग करायचं तर आधी ते तापवावं लागतं आणि नंतर राखेत, वाळूत पुरून सावकाश निवू द्यावं लागतं. एकदम पाणी पडलं तर जोडाच्या कडेचं पोलाद काचेसारखं होतं. साध्या लोखंडाचा दांडा असता तर वाकला असता, एवढंच. आप्पांनी नातीसाठी मुद्दाम शोधून चांगलं पोलाद आणलं होतं, तेच तडकलं. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पस्तीस वर्षांत हाताखालच्या पोरांना याच गोष्टीवरून त्यांनी शिव्या घातल्या होत्या.

चेतनाला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. या दयेपायीच तर पोरगी अकरा दिवस मरणाखाली उभी होती. तिने रुपाला दंडाला धरून पुढे आणलं.

"सांग त्यांना."

"आई, त्यांना कळलंय आता."

"रेघ बघून कळलंय. तू सांगितलेलं नाहीस. सांग."

रुपाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबा," ती म्हणाली, "हाऊ दांडा चांगला नही शे. मन्हा हात दुखस. दोन दिनफाईन आवाज येस आनि मले भ्या लागस."

"मंग बोलनी काब्र नही वं, बेटा?" आप्पा म्हणाले. "रोज ते तुन्हासमोर बठेल व्हतू!"

"समोर बठेल व्हतात म्हनीसन."

आप्पा उठले. दांडा एकट्याने उचलून त्यांनी शेडमधल्या मोठ्या पकडीत आवळला आणि घण घेतला. छबूबाई धावली. "अहो, पुजेल शे तो! अपशकुन व्हई!"

"मीच पुजा, मीच मोडस. सरक."

एका घावात टोक तुटून फरशीवर पडलं. तुटलेली बाजू सगळ्यांनी पाहिली. अर्धा भाग काळा, रॉकेलने ओला, म्हणजे आधीच सुटलेला. उरलेला अर्धा आता तुटलेला, खडीसाखरेसारखा चमकणारा. रुपा त्या अर्ध्यावर अकरा दिवस उचलत होती. नवनीत शेडच्या कट्ट्यावर खाली बसला. चेतनाने त्याला पाणी दिलं नाही.

जालंधरचा रॉड नोव्हेंबरच्या आठ तारखेला आला. चाचणीला चार आठवडे उरले होते. टेम्पोवाल्याने लांबलचक खोका ओट्यावर टेकवला आणि सहीसाठी कागद पुढे केला. रुपा म्हणाली, "थांबा." तिने खोका फाडला, रॉड दोन विटांवर ठेवला आणि डावी नळी हाताने भिरकावली. ती गरगरत राहिली. उजवी भिरकावली. ती अडीच वेढे फिरली आणि अडकली.

तिने पुन्हा फिरवली. पुन्हा अडकली.

"तेल टाकूत थोडंसं," नवनीत म्हणाला. "वापरात येस ते मोकळी व्हई. आते परत धाडशी ते आनखी पंधरा दिन जातीन, बेटा. चाचणी शे."

टेम्पोवालाही म्हणाला, "ठेवून घ्या ना मॅडम, एवढं कोण बघतं?"

आप्पा खुर्चीत होते. त्यांनी नळीकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. चेतना स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. तिच्या कपाळाची शीर उडत होती आणि शुद्ध मराठीतलं एक अख्खं वाक्य जिभेवर तयार होतं.

"सही नाही करणार," रुपा म्हणाली. "परत न्या."

"अवं पन..."

"पप्पा, याच्याखाली मी उभी राहणार आहे. तुम्ही नाही." तिने टेम्पोवाल्याचा पेन घेतला आणि कागदावर कारण लिहायला लागली: उजवी बाजू फिरत नाही. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, किती वेढ्यांनंतर अडकते ती. तेवढ्यासाठी तिने नळी आणखी तीन वेळा फिरवून पाहिली, मोजत.